बारा दिवसांचं तेल

आमचे हे रंधे करतात. लोखंडी नव्हेत, लाकडी. सुतार ज्याने फळी तासून गुळगुळीत करतो, ते. चाळीस वर्षं हा एकच धंदा. असं बारीक काम करणारा माणूस शांत असेल असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं, म्हणून तर मी होकार दिला.

यांच्या पायाला भिंगरी आहे. जेवतात उभ्याने, एक डोळा ताटात आणि एक दारात. बस नऊची असेल तर हे साडेआठला थांब्यावर. पावणेनऊपर्यंत आली नाही की चालत पुढच्या थांब्याकडे निघतात, आणि दोन थांब्यांच्या बरोबर मधे बस यांच्या शेजारून निघून जाते. असं शंभर वेळा तरी झालं असेल. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात इतक्या येरझाऱ्या घातल्या की शेवटी नर्सने यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊन खिडकीची सैल कडी दुरुस्त करायला लावली. कडी बसली आणि मुलगी झाली. तिच्याकडे पाहून हे म्हणाले, "जरा उशीरच झाला."

पटाशी हातात आली की मात्र हीच घाई कामाला यायची. रंध्याच्या ठोकळ्यात पातं बसायला तिरपी खाच कोरावी लागते. ती केसभर जरी चुकली तरी पातं थरथरतं आणि ठोकळा सरपणात जातो. दुसऱ्याला त्याला आठवडा लागतो, हे दोन दिवसांत करायचे. आणि एकही ठोकळा वाया गेल्याचं मला आठवत नाही.

फक्त तेल यांना जमलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी यांनी एका रंध्याला एका दिवसात तेलाचे चार हात दिले. पी हळद नि हो गोरी. आठ दिवसांनी गिऱ्हाईक रंधा परत घेऊन आलं तेव्हा त्याला भुसा, केस आणि एक मुंगी चिकटलेली होती. त्या दिवशी मी तेलाची वाटी काढून घेतली. अळशीच्या तेलाला घाई चालत नाही. चार थेंब तळहातावर घ्यायचे, तळहात गरम होईस्तोवर लाकडावर चोळायचे, मग जुन्या सुती फडक्याने पुसून टाकायचे, इतके की तेल लावलंच नाही असं वाटावं. मग उद्यापर्यंत त्याच्याकडे बघायचंही नाही. असे बारा दिवस. फडक्यांचा बोळा करून टाकायचा नाही, तारेवर पसरून वाळवायची, नाहीतर ती आपोआप तापून पेट घेतात. चौतीस वर्षं हे मी करत आले. गिऱ्हाईक रंध्यावरून बोटं फिरवून म्हणायचं, काय हात आहे हो तुमचा. हे मान डोलवायचे. तेल बायको लावते, एवढं सांगायला यांना कधी वेळ झाला नाही. मला त्याचा राग होता. अजून आहे.

तर असा माणूस एका सकाळी माझ्या हातातली वाटी घेऊन म्हणाला, "तेल मी लावतो. तू राहू दे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काम खुर्चीवाल्यांचं होतं. ते खुर्च्या करतात, पंचवीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. खुर्चीची बैठक कोरायला त्यांनी रंध्यांची जोडी सांगितली होती, एक फुगीर पोटाचा आणि एक खोलगट. फुगीर तयार होता. खोलगटाचा ठोकळा पेन्सिलीच्या खुणा करून टेबलावर पडला होता. जुनं गिऱ्हाईक म्हणून यांना माझं तेल पसंत नाही की काय, असं मला वाटलं. विचारायला गेले असते तर भांडण झालं असतं, म्हणून मी आत जाऊन भांडी आपटली.

हे स्टुलावर बसले. बसले! सकाळपासून संध्याकाळपर्यंत रंधा मांडीवर घेऊन चोळत. पहिले तीन दिवस मला बरं वाटलं, म्हटलं उतारवयात शहाणपण आलं. पाचव्या दिवशी बरं वाटेना. रंध्यानंतर यांनी सगळ्या पटाशांच्या मुठींना तेल लावलं. मग हातोड्याच्या दांड्याला, माझ्या लाटण्याला, स्टुलाच्या पायांना, आणि काही उरलं नाही तेव्हा झाडूच्या दांड्याला. घरभर तेलाचा वास. खोलगटाचा ठोकळा मात्र जिथल्या तिथे.

मग खुर्चीवाल्यांचा फोन आला. मी दारातच होते. हे म्हणाले, दुसऱ्या रंध्यालाही तेल चालू आहे. माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याला अजून पटाशी लागली नाही त्याला तेल कसलं? आणि हा माणूस खोटं बोलणाऱ्यातला नाही. खोटं आठवून बोलावं लागतं, तेवढा दम यांना नसतो. नणंदेला फोन केला तर ती हळूच म्हणाली, दुसरी काही भानगड नाही ना? मी म्हटलं, दुसरी बाई पाच मिनिटं उशिरा आली तर तुझा भाऊ तिची वाट न बघता घरी येईल.

हसले खरी, पण त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून पाहू लागले. हे माझ्यासमोर चहा पीत नाहीत. पित्त होतं म्हणतात आणि अर्धा कप घेऊन कामाच्या खोलीत जातात. शर्ट घालायचे सोडले, मुलीने दिलेले बिनबटणांचे सदरे घालतात. वर्तमानपत्र हातात धरत नाहीत, टेबलावर पसरून वाचतात. एकेक गोष्ट काहीच नव्हती. सगळ्या मिळून मला झोपू देईनात.

झाडताना फळ्यांच्या मागे झाडू अडला. मागे तीन ठोकळे लपवलेले होते. एकाची खाच फुटलेली, एकाची वाकडी, आणि तिसऱ्यावर नुसते पटाशीचे टोचे, जागेवर एकही नाही. मी तिथेच जमिनीवर बसले. कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. यांचा हात कापत होता. कप धरला की दिसायचं, पटाशी धरली की दिसायचं. तेल चोळताना दिसत नव्हतं, कारण चोळणारा हात हलतोच.

चौतीस वर्षांत माझ्या मनातलं तोंडातून नाही तर भांड्यांतून तरी बाहेर आलंच होतं. त्या दिवशी ठोकळे होते तसे ठेवले आणि मूग गिळून बसले. बोलले तर यांच्याकडे राहिलेली तेलाची ती एक जागाही जाईल अशी भीती वाटली. घरातली सगळी घाई आता माझ्याकडे आली. हे स्टुलावर शांत, आणि मी स्वयंपाकघरातून दारात, दारातून गॅलरीत. दूध उतू गेलं, दोनदा.

खुर्चीवाले दुसऱ्या दिवशी अकराला येतो म्हणाले. दुपारी हे तेल आणायला दुकानात गेले तेव्हा मी प्रथमच तो फुगीर रंधा हातात घेतला. बोटं उचलायला गेले तर उचलेनात. चिकट! दिवसाला दहा दहा हात दिलेले, पुसणं कमी, मधे सुकायला तास नाही. यांचे तळहात सतत तेलात, यांना कळणार तरी कसं. जे एक काम आपल्याला अजून येतं असं यांना वाटत होतं, तेही बिघडलं होतं.

टर्पेंटाइनचं फडकं घेऊन मी पुसायला बसले. एका बाजूचा थर सुटायला लागला होता, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मी रंधा जागेवर ठेवला आणि फडकं पदराखाली धरून बाहेर आले. पूर्ण पुसला असता तरी यांना कळलं असतं, आणि नाही पुसला तर उद्या खुर्चीवाल्यांना कळणार. काय करावं ते सुचेना. रागही आला, यांचा. एवढं मोठं ओझं, आणि माझ्यापासून लपवून पेलत होते.

खुर्चीवाले अकराला म्हणजे अकराला आले. यांनी हात मागे बांधले होते, शाळेतल्या पोरासारखे. खुर्चीवाल्यांनी रंधा उचलला, उजेडात धरला, पोटावरून अंगठा फिरवला. अंगठा अडकला. त्यांनी तो सोडवला, बोटांकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत ते प्रथमच काय बोलावं याचा विचार करत होते.

"तेल मी लावलंय," मी म्हटलं. "घाई केली. माझी चूक."

चौतीस वर्षांत चांगलं झालेलं तेल मी कधी माझं म्हटलं नव्हतं. हे बिघडलेलं पहिलं. खुर्चीवाले हसून म्हणाले, होतं असं वहिनी. मी यांच्याकडे बघितलं नाही, बघवलं नसतं.

यांनी मागचे हात पुढे घेतले आणि टेबलावर ठेवले. नुसते ठेवले. उजव्या हाताची बोटं फळीवर टकटक वाजत होती.

"ती खोटं बोलते," हे म्हणाले. "तेल मी लावलं. आजवर तिनेच लावलं, म्हणून चांगलं होतं. हे बघा. चाळीस वर्षं हाताला लवकर, लवकर म्हणत आलो. आता हळू म्हणतो तर ऐकत नाही. डॉक्टर म्हणाला, गोळीने कमी होईल, जाणार नाही."

डॉक्टरकडे जाऊन आले होते! एकटे! मला एकदम रडू आलं, आणि ते थांबवायला म्हणून मी यांना चार शब्द सुनावले, गिऱ्हाइकासमोर, कसलाही विधिनिषेध न ठेवता. यांनी मुकाट्याने ऐकलं. पूर्वी दुसऱ्या शब्दाला निघून गेले असते.

खुर्चीवाल्यांनी खोलगटाच्या ठोकळ्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा बघितल्या. म्हणाले, दुसरीकडे मला असं कुणी करून देणार नाही, पण जाऊ दे, मी यंत्रावर भागवेन. तुम्ही तब्येत सांभाळा. आणि ते जायला निघाले.

"थांबाल का?" हे म्हणाले. या माणसाच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "खुणा मी करीन. पटाशी हिला शिकवतो. हिचा हात बघितलाय मी, चौतीस वर्षं. घाई नाही त्या हातात. एक वर्ष थांबा."

खुर्चीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कुणी विचारलेलं नव्हतं. यांच्या दोन्ही हातांवर मी माझे हात दाबून धरले, तरी खालून थरथर कळत होती.

"एका वर्षात होणार नाही," मी म्हटलं. "दीड धरा."