त्रेसष्ट टक्के

हे गेल्यावर महिन्याभराने मी त्यांचा टॅब उघडला. आमच्या दोघांच्या आवडीची कादंबरी त्रेसष्ट टक्क्यांवर थांबलेली होती. शेवट त्यांना पाठ होता, त्यामुळे वाचायची राहिली असं म्हणता येत नाही.

पूर्वी एकच छापील प्रत आम्ही आळीपाळीने वाचायचो. त्यांची खूण एसटीच्या तिकिटाची. मी पान दुमडायचे. "पुस्तकाचे कान पिळू नकोस गं!" हे म्हणायचे. कागदात दोघांच्याही खुणा राहतात. टॅब शेवटचं उघडलेलं पान तेवढं लक्षात ठेवतो. मी पुढे वाचलं की ह्यांचं पान गेलं.

"आई, टक्के लिहून ठेव आणि वाच की," मुलगी म्हणाली. बरोबर आहे तिचं.

मी कपाटातली जुनी प्रत काढली, सुटलेली पानं लावली आणि वाचायला बसले. टॅब रोज चार्जिंगला लावते. उघडत नाही.