तो अजून लाइनवर आहे

"थांबा, तो अजून लाइनवर आहे." सरांचं हे वाक्य ऑफिसात इतक्यांदा ऐकू यायचं की चहा आणणाऱ्या मावशीसुद्धा त्यांची नक्कल करायच्या.

पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. नव्वदचं दशक सरत आलेलं. कंटेनर वाहणाऱ्या एका कंपनीसाठी सर सर्व्हर, म्हणजे सगळ्या शाखांचे निरोप घेणारा प्रोग्रॅम, लिहीत होते; मी त्यांच्या हाताखाली. कळंबोली, तळोजा, उरण, कुठल्याही शाखेने फोनला जोडलेल्या मोडेमवरून कनेक्शन लावलं की सर्व्हर फक्त तिचंच ऐकणारा वेगळा थ्रेड सुरू करायचा. "लग्नघरात दारातला माणूस पाहुण्याला आत कोणाच्या तरी हवाली करतो नि परत दारात येतो ना, तसं," सर सांगायचे. "दारातच गप्पा मारत बसला तर मागचे उन्हात." तुम्हीही असली माणसं पाहिली असतील. शिकवताना तेवढी जागी, एरवी कायमची झोप राहिलेली.

अडचण उरणची होती. तिथली लाइन मध्येच गप्प व्हायची. तुटायची नाही, नुसती गप्प. तिचा थ्रेड वाट पाहत राहायचा. तिकडून पुन्हा कनेक्शन, पुन्हा एक थ्रेड अडकलेला. दुपारपर्यंत सर्व्हर बसायचा आणि कळंबोलीचे ड्रायव्हर गाड्या उभ्या करून आमचा उद्धार करायचे. उपाय साधा होता. टाइमआउट घालायचा, म्हणजे ठरावीक वेळ कोणी बोललं नाही की तोडून टाकायचं. सर तेवढं सोडून बाकी सगळं करून बघत.

"गप्प आहे म्हणजे गेलाय असं नाही हो."

दुपारी ते घरी फोन लावायचे आणि रिसीव्हर कानाशी धरून नुसते बसायचे. एकदा मी वैतागून विचारलं, "सर, लाइन डेड आहे का?"

"नाही. तुमच्या वहिनी शब्द शोधतायत."

अर्धांगवायूनंतर वहिनींना एकेक शब्द कुठून तरी ओढून आणावा लागे. डॉक्टरांनी सरांना बजावलं होतं, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, नाहीतर त्या बोलणंच सोडतील.

शेवटी कंपनीचे शेठ स्वतः जिना चढून आले. "एकट्या उरणसाठी सगळ्यांचं काम बंद ठेवायचं का, सर?" सरांनी त्यांच्यासमोरच टाइमआउट घातला. सर्व्हर सुरळीत चालू लागला. पुढे त्यांनी नोकरीच सोडली. वहिनींना घरी एकटं ठेवणं जमेना.

त्यानंतर ते दिसले मासळी बाजारात. दाढी वाढलेली, एका हातात पिशवी, दुसऱ्यात वहिनींचा हात. टोपलीत बोंबील होते, बोय होती. "बो... बो..." वहिनींचं चाललं होतं. मागची गिऱ्हाइकं कुरकुरत होती.

"बोलू दे तिला," कोळीण म्हणाली. "माना काय घाई नाय."

"बो..."

"बोंबील द्या," सर म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. मला सरांचा राग आला नाही. फार दमले होते ते. निदान ती पिशवी तरी कोणी हातातून घ्यायला हवी होती. मी गर्दीतून पुढे पोचेपर्यंत दोघं निघून गेले होते.

कोळीण टोपलीवर पाणी मारत होती. "बोय पायजे व्हती तिला," ती म्हणाली.