तिखट कुणाच्या घरचं

आमच्या कबनुरात कुत्रं चावलं की दोन गोष्टी करायच्या असत. ज्याच्या घरचं कुत्रं, त्याच्याच घरचं तिखट जखमेत भरायचं आणि मग सात विहिरींत वाकून बघायचं. डॉक्टर हा त्यानंतरचा विषय. लोक हे गंमत म्हणून सांगतात. मला नाही गंमत वाटत. आईच्या हाताचं काय झालं ते आठवलं की अजून माझं डोकं सणकतं.

आई एका मालकाच्या मागांच्या शेडमध्ये कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची सुताची नळी. काम बसून करायचं, पण हात भारी चपळ लागायचा. सूत तुटलं की दोन्ही टोकं अंगठा आणि शेजारच्या बोटात धरून पापणी लवायच्या आत गाठ मारायची. वडील मी लहान असतानाच गेले होते. आमचं घर आईच्या त्या दोन बोटांवर चाललं होतं आणि मी कोल्हापूरला कॉलेजात जात होते तेही त्यांच्याच जिवावर.

मालकाचं एक गावठी कुत्रं होतं, पिवळट आणि दांडगं. सूत चोरीला जाऊ नये म्हणून रात्रभर फाटकाशी साखळीला असायचं. नव्वदीच्या दशकातल्या एका सकाळी ते मोकळंच राहिलं होतं. आई कामावर आली, कांड्यांची टोपली उचलायला वाकली आणि त्यानं तिचा उजवा हात धरला. मागावरची माणसं धावेपर्यंत अंगठ्याशेजारचं बोट फाटलं होतं.

शेडला लागूनच मालकाचं घर. मालकीणबाई ओरडा ऐकून धावत आल्या. आई त्यांना वैनी म्हणायची, मी काकी. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, बोलण्यात कानडी हेल. “अय्यो अक्का, काय झालं गं हे!” म्हणत त्यांनी आईला पायरीवर बसवलं.

आई म्हणाली, “वैनी, तुमच्या घरचं तिखट आणा आधी. तुमचंच कुत्रं हाय न्हवं, दुसऱ्याच्या घरचं लागू पडायचं न्हाय.”

काकींनी डब्यातलं लालभडक तिखट आणलं आणि स्वतःच्या हातानं जखमेत दाबून भरलं. आई कळवळली, काकीही रडत होत्या. मग निघाल्या दोघी विहिरी बघायला! आता बोला. गावात बोअर पडल्यापासून विहिरी राहिल्यात कुठं? दोन बुजवलेल्या निघाल्या, एकीवर फरशी टाकलेली. रिक्षा करून मळ्यामळ्यानं हिंडून सात पुऱ्या केल्या, तोवर दिवस मावळला. मी कॉलेजातून आले तेव्हा आई तापानं फणफणली होती आणि हाताचा तांबडा चिखल झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर जखम बघून भडकला. “तिखट? अहो, साबणानं धुवून लगेच आणलं असतं तर बोटाला काही झालं नसतं. कुत्र्याचा दात हाडापर्यंत गेलेलाच नाही. हे सडतंय ते तुमच्या तिखटानं.” मग म्हणाला, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, ते जगलं तर सगळी इंजेक्शनं घ्यायला नकोत.

नजर ठेवणार कशावर, कपाळ? मालकानं कुत्रं टेम्पोत घालून लांब कुठंतरी सोडून दिलं होतं. आईला पोटात चौदाच्या चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली आणि शेवटी बोटाची दोन पेरं कापली. चार महिन्यांनी ती कामावर गेली. सूत तुटलं की तिला गाठच मारता येईना. नुसत्या अंगठ्यानं चाचपडत बसायची. आठवड्याभरात मालकानं तिच्या जागी दुसरी बाई घेतली.

मी मालकाकडं गेले. म्हटलं, तुमच्या कुत्र्यामुळं आईचं काम गेलं, काहीतरी भरपाई द्या. तो खुर्चीतून उठलाही नाही.

“आमचं कुत्रं? कोण म्हणतंय? मोकाट हुतं ते. आमी शिळी भाकरी घालत हुतो, येवढंच. भाकरी घातली म्हणून काय मालक झालो व्हय?”

“आणि साखळी?”

“कसली साखळी?” फाटकाशी बघितलं तर साखळी खरंच काढून टाकलेली. असा संताप आला म्हणून सांगू! ज्या बाईनं इतकी वर्षं त्याच्या कांड्या भरल्या तिच्यापुढं हा माणूस कुत्र्यालासुद्धा ओळख दाखवेना.

मी आईला इचलकरंजीच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावायला लावला. वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “दुखापत झालीय हे कुणी नाकारणार नाही. कुत्रं त्याचं होतं हे शाबीत करा, तर तो जबाबदार.” झालं, इथंच घोडं अडलं. मागावरच्या माणसांना पोटं होती, एकही साक्षीला येईना. तारखांवर तारखा पडत गेल्या आणि दोन हजार साल उलटलं. आई तोवर लोकांच्या घरी भाकऱ्या थापायला लागली होती. उजव्या हाताची भाकरी एका बाजूला जाड यायची, म्हणून दोन घरं सुटली.

मग एकदा वकिलांशी बोलताना तिखटाची गोष्ट निघाली. ते एकदम सरळ बसले. “म्हणजे त्याच्या बायकोनं आपल्या घरचं तिखट दिलं? मोकाट कुत्रं चावलं असतं तर कशाला दिलं असतं? तिलाच साक्षीला बोलवू.”

आईनं साफ नको म्हटलं. “नवऱ्याच्या इरोधात उभी करतीस तिला? आगं, तिला माघारी त्येच्याच घरात जायाचं हाय.” मी ऐकलं नाही. तुझं बोट गेलं तेव्हा कोण आडवं आलं, असं म्हणून मी समन्स काढायला लावलं.

काकी कोर्टात आल्या त्या डोक्यावरून पदर घेऊन. मालक पहिल्या बाकावर बसून त्यांच्याकडं एकटक बघत होता. आमच्या वकिलांनी विचारलं, तिखट कुठलं? मला वाटलं, ही आता खोटं बोलणार.

“आमच्या घरचं,” काकी म्हणाल्या. “कुत्रं आमचं हुतं, म्हणून आमच्याच घरचं घातलं. पिल्लू असल्यापास्नं मीच वाढवलं हुतं त्येला.”

मी आईचा हात घट्ट दाबला. पण मालकाचा वकील काही कमी नव्हता. तो उठला आणि गोड आवाजात म्हणाला, “तिखट जखमेत कुणी भरलं, बाई?”

“मी. माझ्या हातानं.”

“आणि त्या दिवशी दवाखान्यात नेलंत की विहिरी दाखवल्यात?”

“विहिरी.”

“म्हणजे बोट सडलं ते तुमच्या तिखटानं, असं म्हणायचं का?”

काकींनी आईकडं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “तसं बी असंल.”

निकाल लागला. कुत्रं मालकाचंच, जबाबदारी त्याची, पण जखमेकडं हयगय झाली म्हणून भरपाई निम्मी. तेवढ्यात एक म्हैससुद्धा आली नसती, असं आईच म्हणाली आणि वर हसली. मी मात्र त्या दिवशी जिंकल्याच्या तोऱ्यात होते. मालकानं पैसे भरले आणि चहाच्या गाड्यावर सांगत सुटला, “कुत्र्यानं नुसतं वरबाडलं हुतं. बोट आमच्या बायकुनं घालवलं.” गावालाही हेच चघळायला बरं वाटलं. काकींना बघून बाया आपसांत कुजबुजायच्या.

एका दुपारी काकी आमच्या दारात आल्या. पार वाळल्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांनी आईचा उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला आणि त्या थोट्या बोटाकडं बघत राहिल्या.

“अक्का, खरं सांग. माझ्या तिखटानं गेलं का गं?”

“खुळी का काय!” आई लगेच म्हणाली. “कुत्र्यानं गेलं. दात पार हाडात शिरला हुता. डॉक्टरनंच सांगितलंय.”

काकींनी पदरानं डोळे पुसले. चहा नको म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या वळणाआड झाल्या आणि मला राहवेना.

“आई, डॉक्टर काय म्हणाला हुता ते तुला चांगलं ठावं हाय की!”

“हाय की,” आई म्हणाली आणि पीठ मळायला बसली. “पर डॉक्टरला त्या घरात नांदायचं न्हाय.”