पहिल्या प्रयोगाचा नारळ

त्या दुपारी परदेशातल्या आमच्या क्लोनडॉकिन गावात एका हॉलमागच्या खोलीत मी दत्तमहाराजांशी चक्क सौदे करत होते. माझी सोळा वर्षांची लेक ईरा कान गच्च दाबून टेबलाखाली बसली होती आणि बाहेर तिच्या नाटकाचे प्रेक्षक जमले होते. घोळ माझाच होता.

ईरा ऑटिस्टिक आहे. तिच्यासारख्याच मुलामुलींच्या नाटकमंडळीत ती वर्षभर जात होती. घराबाहेर तोंडातून अक्षर न काढणारी ही पोर आज रंगमंचावर दीपगृहाची राखणदार होणार होती. आज बिनसलं तर ती पुन्हा तिकडे फिरकणार नाही, या धास्तीने माझी झोप उडाली होती. त्यात मी पडले पुण्याची. पहिल्या प्रयोगाआधी नारळ वाढवल्याशिवाय मला चैन पडेना. नवरा म्हणाला, "अगं, इथे कशाला? आवाज होईल." पण मी कसली ऐकते! मागच्या दगडी पायरीवर नारळ आपटला, तो आवाज रिकाम्या खोलीत घुमला आणि ईरा किंचाळून टेबलाखाली शिरली. करायला गेले गणपती, झाला मारुती.

दिग्दर्शिका येऊन म्हणाली, "थांबू आपण. तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे." तिच्या शांतपणाने मी आणखीच घाबरले. गुडघे टेकून "ये ना गं बाळा" म्हणत हात पुढे करत राहिले. मी सरकले की ती मागे सरके. ओठांवर अखंड दत्तनाम आणि मनात सौदे: गुरुवार धरीन, गोड सोडीन, पण हिला बाहेर काढा.

तेवढ्यात दार उघडून एक पिकल्या केसांच्या बाई आत आल्या. शेजारच्या खोलीतल्या विणकामाच्या वर्गाला निघाल्या होत्या, दार चुकल्या. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, मग माझ्याकडे. "शी'ज ग्रँड, लव्ह. इट्स यू आय'ड वरी अबाउट." पोर ठीक आहे, काळजी वाटते ती तुझीच, असं म्हणून त्या फरशीवर बसल्या, माझ्या दोन्ही हातांत लोकरीची लड अडकवली आणि गुंडा करू लागल्या. आता मला लेकीकडे हात नेता येईना. मला रडू आलं, डोळेही पुसता येईनात. कधीतरी माझे सौदे थांबले. महाराज, मला काही जमत नाही, एवढंच मनात उरलं.

बऱ्याच वेळाने ईरा आपणहून बाहेर आली. राखणदाराची टोपी सारखी केली आणि म्हणाली, "आई, यू गो सिट विथ डॅडी."

मला विंगेत उभं राहायचं होतं. प्रत्येक तालमीला मी तिथेच असायचे. पण गेले.

दिवे लागले. ईरा नुसतीच उभी. मग तिचा स्वच्छ आवाज आला, "द लाइट इज ऑन. कम होम." टाळ्यांचा त्रास होतो म्हणून सगळ्यांनी हात उंचावून हलवले.

नंतर मी त्या बाईंना शोधलं. वर्ग सुटला होता, त्या निघून गेल्या होत्या. त्या कोण होत्या, यावर मी कुणाशी वाद घालत नाही; मनोमन नमस्कार मात्र रोज करते. आजवर लेकीचा हात घट्ट धरूनच मी महाराजांना म्हणत आले, सांभाळा हिला. त्यांनी तरी कुठून धरायचं होतं तिला?