तीन नंबरची प्रत

यंत्राने खात्रीने ‘तीन’ असं कधीच सांगितलं नव्हतं. तो आकडा मी माझ्या मनाने लिहिला. हे आजवर कोणाजवळ बोललो नाही, घरातही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सिल्वासाजवळ मसाटला आमच्या कारखान्यात सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट निघायच्या. मी पुण्याहून आलेला इंजिनिअर. सिनेमा बाजारात येण्याआधी पाच नमुना कॅसेट काढत. चार बाहेरच्या वितरकांकडे जात आणि तीन नंबरची आमच्याच तपासनिसांकडे. चोरी झालीच तर कोणत्या प्रतीवरून झाली ते कळावं, म्हणून प्रत्येक प्रतीच्या चित्रात तिचा नंबर संगणकाने लपवायचा, हे माझं काम. चित्रातले ठिपके किंचित उजळ, किंचित काळे करायचे. डोळ्याला कळू नये, यंत्राला कळावं.

तपासनीस खानदेशातले, पन्नाशीचे. सगळे त्यांना मामा म्हणत. नमुना ते जवळच्या अथाल गावातल्या आपल्या खोलीवर नेऊन साध्या टीव्हीवर बघत. गिऱ्हाईक तसंच बघणार, असं त्यांचं म्हणणं. कारखान्याचे मालक, आमचे गुजराती शेठ, त्यांना ते चालायचं, मला खटकायचं.

ज्या सिनेमावरून हे सगळं घडलं, त्याचा पहिला नमुना बघून मामा माझ्या टेबलाशी आले.

“साहेब, बाईच्या गालावर मुंग्या फिरतात.”

“मामा, चष्म्याचा नंबर वाढला असेल.”

“माझा वाढला असता तर सिनेमाभर मुंग्या दिसल्या असत्या. झाडीत नाहीत, गर्दीत नाहीत. गाल आणि आभाळ, तिथंच. तुमचाच नंबर वर आलाय, बघा.”

त्यांचं बरोबर होतं. सपाट जागी खूण उघडी पडते, गजबजलेल्या जागी लपते. पण मला वेगळंच वाटलं. खूण फिकी व्हावी असं या माणसाला का वाटतं? मागे एकदा, नंबर कुठल्या सीनमध्ये घालता, असंही त्यांनी सहज विचारलं होतं. ते मी मनात धरून ठेवलं होतं.

गाल-आभाळातली खूण कमी करून झाडी-गर्दीत वाढवायला हवी होती. तेवढा धीर माझ्यात नव्हता. मी सरसकट सगळीकडे फिकी केली. चित्र स्वच्छ झालं, मामांनी सही केली. संगणकातल्या मूळ चित्रावरून नंबर वाचून पाहिला, तो बरोबर आला. कॅसेटवर उतरवून, तिच्यावरून दुसरी काढून, मग वाचायला हवा होता. ते मी केलं नाही.

सिनेमा बाजारात येण्याआधीच वापीच्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये चालू असल्याचं कळलं. शेठनी तिथली कॅसेट माझ्यासमोर ठेवली. नकलेची नक्कल होती ती.

“कोणाची छे, ते बोला. संध्याकाळपर्यंत.”

यंत्राने आधी तीन दाखवला, मग पाच, मग एक, मग काहीच नाही. खूण पुसली गेली होती. तसं सांगितलं असतं तर माझं कामच खोटं ठरलं असतं. आणि डोळ्यांपुढे मामाच होते. मी कागदावर तीन लिहिला.

शेठनी मामांना कामावरून काढलं. जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं, “साहेब, यंत्र चुकत नाही ना?”

“नाही, मामा.”

“मग मी झोपेत दिली असेल.”

ते हसले नाहीत. आठवड्याभरात अथालची खोली रिकामी झाली.

पुढच्या सिनेमाला मी मामांनी सांगितलं तसंच केलं. गाल आणि आभाळ मोकळं ठेवलं, खूण झाडीत, साड्यांच्या काठात, बाजाराच्या गर्दीत दाट घातली. नकलेच्या नकलेवरूनही नंबर स्पष्ट आला, चित्रात मुंगी नाही. शेठनी माझी पाठ थोपटली.

कॅसेट कोणी दिली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मामांनी दिली नाही, असं आजही मी छातीठोक म्हणू शकत नाही. शंका जात नाही. पण ती माझी शंका होती, आणि मी ती यंत्राच्या तोंडी घातली.

मामा आता धुळ्याकडे आपल्या गावी असतात, असं ऐकतो. यंत्राने तुमचा नंबर खात्रीने सांगितला नव्हता, तो मी लिहिला, हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं अजून माझ्यावर आहे.