उरलेल्या टेपवरचं गाणं

हे मी आजवर कोणापाशी काढलेलं नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला मी न विचारता काय काय सांगतो, हे तिलाच विचारा. माझ्या फजितीचे किस्से सांगण्यात मला कधी लाज वाटली नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात निवेदन करताना नवरदेवाच्या जागी त्याच्या सासऱ्याचं नाव घेतलं, हे मी निदान पन्नास पंगतींत सांगितलं असेल. हा किस्सा मात्र गिळून बसलो. का? यात हसू येतं ते निम्म्यापर्यंतच. पुढचं निम्मं सांगायचं कसं, ते मला अजून नीट जमलेलं नाही.

तर — मिशीपासून सुरुवात करू. तिथं मला सोपं जातं.

माझी मिशी तेव्हा अमरावतीत बऱ्यापैकी प्रसिद्ध होती. त्या काळातल्या फोटोत आधी ती दिसते, मी मागाहून येतो. स्टँडच्या बाजूला माझं कॅसेटचं दुकान होतं. तयार कॅसेटी थोड्या विकायच्या, कोऱ्या जास्त भरायच्या — गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी आणून देई, मी साठ मिनिटांच्या कॅसेटवर ती उतरवून देई. (हे कायद्यात किती बसत होतं, तो वेगळा कबुलीजबाब. तो लिहायला वकील लागेल.) दुकानाबाहेर मी एक काळा फळा टांगला होता. दर सोमवारी त्यावर खडूनं लिहायचो: 'या हप्त्याची पहिली दहा'. ज्या गाण्याची मागणी जास्त, ते वर. लोक त्या फळ्यावर पेपरापेक्षा जास्त विश्वास ठेवत. तिवस्याचे जीपवाले तो वाचून कॅसेट भरून घेत, बँडवाले पहिल्या नंबरचं गाणं बसवत. फळा खरा होता — जवळजवळ. माझी स्वतःची भावगीतांची एक कॅसेट निघाली होती. तीन खपल्या, त्यातल्या दोन साळ्यानं घेतल्या. त्या हप्त्यात ती सातव्या नंबरावर होती. पहिला नंबर लिहायला लाज वाटली, दहावा लिहायचं जिवावर आलं.

अशा माणसाच्या दुकानात वैशाली आली.

ती अकोल्याची. वय बावीस-तेवीस. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, आणि रविवारी क्लास बंद असला की त्याच मशीनवर गाणी करायची. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा, आणि वाजवणारा कॉम्प्युटर. तबला नाही, पेटी नाही. तिचे वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. तिथल्या यंत्रांची घरघर तिनं टेप करून आणली होती आणि ठेका म्हणून गाण्याखाली लावली होती. मधेच तिचा आवाज असा व्हायचा — लहानपणी आपण टेबलफॅनसमोर तोंड धरून बोलायचो ना, तसा. पहिल्या कॅसेटमध्ये सहा गाणी होती, दहा कॉप्या घेऊन ती आली होती. पहिलंच गाणं बस चुकलेल्या मुलीचं: 'थांब न वं गाडी, मी येऊन राहिली.' पावणेतीन मिनिटांत खलास.

मी ते शेजारच्या हमीदभाईंसमोर लावलं. हमीदभाई रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, आमच्या दोघांच्या दुकानांत एक पत्रा तेवढा आडवा. ऑर्केस्ट्रातले दोन कलाकारही चहाला बसले होते. म्हणजे प्रेक्षक होते. प्रेक्षक असले की मला राहवत नाही.

"हे मिक्सर लावल्यावानी गानं चाललं," मी म्हणालो, "त मी भर चौकात मिशी काढीन."

सगळे हसले. वैशालीही हसली. "वस्तरा मी घेऊन येईन, भाऊ," म्हणाली, आणि दहाच्या दहा कॉप्या ठेवून गेली.

आता भरायच्या कॅसेटची एक अडचण सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलं. एका बाजूला तीस मिनिटं. सिनेमाची सहा गाणी बसवली की शेवटी तीनेक मिनिटं टेप उरते. सातवं गाणं घातलं तर मधेच तुटतं आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. कोरी सोडली तरी येतं — पैसे पूर्ण बाजूचे घेतले ना? तिथं काय घालायचं? माझ्या हाताशी पावणेतीन मिनिटांचं गाणं होतं. भिंतीत भोक राहिलं की गवंडी हाताला येईल तो विटेचा तुकडा बसवतो, तसं मी ते बसवू लागलो. वेष्टनावरच्या यादीत तेवढी ओळ लिहायचो नाही. विटेच्या तुकड्याला कोण नाव देतं?

कपाशीची ती वाईट वर्षं. बाजारात कोणाच्या तोंडावर तेज नव्हतं, दिवाळीतही माझ्याकडं कोऱ्या कॅसेटींचे खोके पडून राहत. तरी गाणी लागत होती — जीपमध्ये, ट्रॅक्टरवर, कापूस मोजायला लागलेल्या रांगेत. आणि प्रत्येक बाजूच्या शेवटी, कोणी न सांगता, वैशाली येत होती.

पहिल्यांदा लक्षात आलं ते हमीदभाईंच्या. त्यांच्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या टेपमध्ये अडकलेल्या कॅसेटी असायच्या. एकदा पत्र्यावर टकटक करून त्यांनी मला बोलावलं आणि एका कॅसेटची टेप उजेडात धरून दाखवली. "भाऊ, तुया कॅसेटी शेवटालेच काहून घासून राहिल्या?"

खरंच होतं. आधीची गाणी धड आणि शेवटचा तुकडा झिजून पातळ. म्हणजे लोक तिथंच मागंपुढं करून तेच ते ऐकत होते. त्या दिवशी तीन कॅसेटी पाहिल्या, तिन्ही तशाच. पुढच्या हप्त्यात गिऱ्हाइकं कागदावर सातवी ओळ लिहून आणू लागली: 'ते शेवटचं'. नाव कोणाला माहीत नव्हतं. 'शेवटचं भरा हो,' एवढंच. आधीची सहा कोणतीही चालतील म्हणणारा एक जण भातकुलीहून सायकल मारत आला होता.

मला नवल वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या स्वभावात दुसरं काही नसेल, पण खोदून विचारायची खोड आहे. काय होतं त्या गाण्यात? मी ते वीसदा ऐकलं. जिनिंगच्या घरघरीखाली कान लावला. गिऱ्हाइकांना विचारलं. तिवस्याच्या एका जीपवाल्यानं जे सांगितलं, त्याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. "बाजू पलटवाच्या आंधी थे लागलंच पायजे," तो म्हणाला. "नाही त कॅसेट झाली असं वाटतच नाही."

उत्सुकता एवढी की मी खरा हिशेब ठेवू लागलो — मागणीचा. कुठं? दुकानातल्या कपाटाच्या दाराला, आतून, खडूनं. पहिल्या हप्त्यात 'शेवटचं' नवव्या नंबरावर होतं. चौथ्यात तिसऱ्या. सहाव्यात पहिल्या, आणि मग ते खाली यायलाच तयार नव्हतं. बाहेरच्या फळ्यावर मात्र तिथं दुसरीच गाणी. कपाट उघडलं की खरं, मिटलं की बाहेरचं. हमीदभाई पत्र्यापलीकडून रोज विचारायचे, "मिशी कवा काढतं गा?" मी हसायचो. मग एकदा ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "पोरीले सांग. तिले मालूम पाहिजे."

मधल्या काळात ती दुसरी कॅसेट ठेवून गेली होती, आणखी दहा कॉप्या. ती गाणी अधिक धीट होती, एकात तिनं कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक घातली होती. दोन्ही मिळून वीसपैकी तीन खपल्या. विकत कोण घेणार? लोकांना हवं होतं ते त्यांच्याजवळ होतंच, आणि ते या वेष्टनातलं आहे हे सांगणारा काऊंटरमागं एकच माणूस होता. अकोल्यात माझ्या कॅसेटी पोचत नव्हत्या. तिच्या कानावर ते पडायचं कसं?

आता ती दुपार. इथवर आलो, आता टाळता येत नाही.

वैशाली वडिलांना घेऊन आली. त्या साली जिनिंग अर्धा हंगाम बंदच होतं, आणि क्लासच्या मालकानं तिला बजावलं होतं — मशीनवर गाणी केलेली चालणार नाहीत, शिकवायचं तेवढं शिकव. पुढं करायचं तर घरून कोणीतरी पाठीशी उभं राहायला हवं होतं. वडील साधे, लिहिलेल्यावर भरवसा ठेवणारे. ती त्यांना माझा फळा दाखवायला घेऊन आली होती. शेवटच्या नंबरावर असलं तरी पुरे, असं तिनं त्यांना सांगितलं असावं. ते बाहेर उन्हात उभं राहून फळा वाचत होते. ओळीवर बोट ठेवून, एकपासून दहापर्यंत. मग पुन्हा एकपासून.

ती आत आली. पिशवीत तिसरी कॅसेट होती, नुकतीच केलेली. ती तिनं बाहेर काढली, पण काऊंटरवर ठेवली नाही.

"भाऊ, खरं सांगा. माह्यं गानं कोनी मांगते काय?"

माझ्या पाठीला कपाट होतं. दारामागं तिचा पहिला नंबर होता, सोळावा हप्ता चालू होता. हात मागं नेऊन दार ओढायचं, एवढंच काम.

"नाही," मी म्हणालो. "कोनी मांगत नाही."

आणि पुरावा म्हणून उरलेल्या सतरा कॉप्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिल्या. वर सल्लाही दिला — नोकरी धरून ठेव, म्हणालो. तिनं तिसरी कॅसेट परत पिशवीत टाकली. वडील म्हणाले, "चाल माय, साडेतीनची गाडी भेटन." दोघं स्टँडकडं गेली. मी चहा मागवला. प्यायलोही.

संध्याकाळी हमीदभाईंनी विचारलं, "सांगतलं का पोरीले?" सांगितलं, म्हणालो. काय म्हणाली, तर — "लय खुश झाली." हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा जास्त सफाईनं जमलं. त्यानंतर त्यांनी मिशीचा विषय कधी काढला नाही. हमीदभाई आता नाहीत. पोरगी खुश झाली असं समजून गेले.

मिशीसाठी केलं, असं म्हणायला मला आवडलं असतं. ऐकणारे हसले असते. पण मिशी महिन्याभरात पुन्हा आली असती. वीस वर्षं मी गावाला सांगत होतो की लोकांना काय आवडतं ते मला कळतं, आणि माझ्या स्वतःच्या कॅसेटी तीन खपल्या होत्या. एवढंच होतं ते. ते मला त्या दुपारीही माहीत होतं.

परवा अकोल्यात एका लग्नात ती दिसली. आता कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मी दुसरीकडं पाहिलं, तर तीच ताट घेऊन समोर आली, बरोबर मुलगी — उंचीला आईएवढी. मुलीला म्हणाली, "हे थे भाऊ. तवा सगळे मले गोड गोड सांगत होते, याइनंच एक खरं सांगतलं. पाया पड."

मुलगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला, आणि म्हणालो, सुखी राहा.

त्या तिसऱ्या कॅसेटमध्ये काय होतं? एवढा खोदून विचारणारा मी, पण हे विचारू शकलो नाही. माझ्या माहितीत ती कोणीच ऐकलेली नाही. दुकान बंद केलं तेव्हा कपाट विकलं, दार काढून घरी आणलं. माळ्यावर आहे, खडूची बाजू भिंतीकडं करून.

तिनं विचारलं होतं, कोणी मागतं का.

मागत होते, वैशाली. भातकुलीहून सायकलवर येऊन मागत होते.