तोरिकाने उचललेली चटई

तोरिका नर्स घरात शिरायची तेव्हा आधी तिचा हात पुढे यायचा, मग ती. सेराच्या चुलीपाशी उकडलेला कसावा दिसला की न विचारता तोंडात. दोरीवर कमरेला गुंडाळायचा चांगला सुलू दिसला की खांद्यावर. कुणी चकार शब्द काढत नसे. ती दक्षिणेकडच्या बेटावरची, आणि त्या बेटाचा अन् नाइवी गावाचा मूळपुरुष एकच. म्हणजे ती गावाची तौवू. तौवूने घरातलं वाटेल ते उचलावं, तोंडाला येईल ते बोलावं, आणि ऐकणाऱ्याने हसून घ्यावं. जो रागावला तोच हलका ठरला.

शाळेत मात्र हीच बाई निराळी व्हायची. उवा-लिखा बघायला बसली की प्रत्येक पोरापुढे वाकून आधी "तुलोउ" म्हणायची, माफी असावी. कुणाच्या डोक्याला इथे असाच हात लावत नाहीत, मग ते डोकं पहिलीतल्या शेंबड्याचं का असेना. पण घाईत असलेल्या नर्सांना आणि मास्तरांना एवढं कुठलं भान राहतंय! तोरिकाचं डोकं लहानपणी मास्तरांनी सगळ्या शाळेदेखत भादरलं होतं. "वर्षभर पोरं मला नारळ म्हणत हुती," हे ती खिदळत सांगायची. पण तिच्या हाताखाली कुणाचं डोकं भादरलं गेलं नाही, की खरूज निघाली म्हणून कुणाचं नाव वर्गात मोठ्याने घेतलं गेलं नाही.

सेराच्या लेकीचं, केलेराचंही नाही. दुसरीतली पोर. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेला खरूज. मलम लावलं की जायची आणि पुन्हा यायची. या खेपेला फोड पिकले, आणि एका सकाळी पोरीचं तोंड सुजून डोळे मिटले. डॉक्टरांनी सेराला बाजूला घेऊन सांगितलं, "फोडांचा त्रास मूत्रपिंडाला व्हायला लागलाय. यातून बरी होईल, पण खरूज परत होता कामा नये."

परत का होते हे सेराला पक्कं ठाऊक होतं. केलेरा झोपायची आज्याच्या चटईवर, आज्याच्या कुशीत. आणि आज्या, म्हणजे सेराचा सासरा नेमानी, रात्रभर खाजवायचा. त्याला तो म्हातारपणाची खाज म्हणायचा. सेराने सांगावं तर इथे सासऱ्याशी सून थेट बोलत नसते. नवरा मासेमारीच्या बोटीवर, महिनोन्महिने समुद्रात. त्यामुळे घरातला कारभार असा चालायचा : सेरा चुलीवरच्या पातेल्याला म्हणायची, "पातेल्या, जेवाण झालंय रं." आणि ओसरीवरून नेमानी मांजरीला म्हणायचा, "मांजरे, घेऊन ये म्हणावं." एवढ्यावर दोन माणसांचं भागत होतं. पण 'तुमची खरूज माझ्या लेकीला खातेय' हे पातेल्याला कसं सांगायचं?

तेवढ्यात सरकारचं ठरलं की खाज असो नसो, सगळ्या गावाने एकाच दिवशी खरजेच्या गोळ्या घ्यायच्या, आठवड्याने पुन्हा एकदा घ्यायच्या आणि तान्ह्या पोरांना मलम लावायचं. गावातल्या वडीलधाऱ्यांनी यंगोनाचा, म्हणजे मुळीच्या पेयाचा, वाडगा फिरवून होकार दिला. सगळं गाव सभाघराशी रांगेत उभं राहिलं. नेमानी तेवढा आला नाही.

मग तोरिकाच त्याच्या ओसरीवर आली.

"काय रं म्हाताऱ्या, मेलास वाटलं म्हणून बघाय आले!"

"तुमच्या बेटावरची वटवाघळंखाऊ मरतील आधी."

"गोळ्या घे."

"मला काय झालंय? खरूज पोरांना असती."

"मग रात्रीचं ढुंगण खांबाला घासतोस, त्यो काय नाच बसवतोस व्हय?"

पडद्याआड सेराने तोंडात सुलूचा बोळा कोंबला.

"तुला कुणी सांगितलं?"

"खांबानं! लई दमलोय म्हणत हुता."

नेमानी खोकला येईतो हसला. पण गोळ्यांना हात लावीना. हसू ओसरल्यावर आवाज खाली घेऊन म्हणाला, "ह्या घेतल्या म्हंजी कबूल केल्यागत झालं की गं. की पोरीचं त्वांड माझ्यापायी सुजलं."

तोरिकाने थट्टा तिथेच सोडली. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"किडा अंग बघतो बाबा, माणूस न्हाई बघत. तू पोरीला दिलीस का पोरीनं तुला, त्या किड्यालाबी ठावं नसतंय."

 पडद्याआडून सेराचा आवाज आला. 

"पातेल्या, पोरगी म्हणती आज्याच्या कुशीबिगर झोप लागत न्हाई. तिला त्या कुशीतनं काढायचं माझ्या जिवावर येतंय रं."

नेमानीने गोळ्यांसाठी हात पुढे केला.

"मांजरे," नेमानी म्हणाला, "पाणी आण म्हणावं."

त्याने गोळ्या गिळल्या. लगेच तोरिकाने उठून त्याच्या अंथरुणाची चटई गुंडाळली आणि काखेत मारली. नेमानीच्या बायकोने मरायच्या वर्षी विणलेली ती चटई. तिला तो ऊनसुद्धा लागू देत नसे.

"ए! ती न्हाई!"

"तौवूला न्हाई म्हणतोस?"

म्हाताऱ्याने गोळ्यांमागून शब्दही गिळले.

दुसऱ्या खेपेच्या गोळ्या द्यायला तोरिका आली, ती उन्हात कडक वाळवलेली चटई घेऊन. "चोरीचा माल परत? बेटाची अब्रू घालवलीस की!" नेमानी ओरडला, आणि चटई छातीशी धरून आत गेला.

केलेराची बोटं स्वच्छ झाली. सूज उतरली ती उतरलीच. डॉक्टरांनी तपासून मान डोलावली, तेव्हा तोरिकाला काय द्यावं याचा सेराने घोर लावून घेतला. तिला "वीनाका" म्हणावं तर ती खेकसायची, "सोताच्या घरात कसले आभार गं?" दिलेलं ती घ्यायची नाही, तिला उचलायचं ठाऊक. म्हणून सेराने नवी चटई विणली, तिला लाल-पिवळ्या लोकरीचा काठ लावला, आणि तोरिका शाळेत यायच्या दिवशी ती गुंडाळून बरोबर आपल्या घराच्या उंबऱ्यावर आडवी ठेवली. अडखळून पडेल अशी.

तोरिका अडखळली. खाली बघितलं, काठावरून एकदा बोट फिरवलं, न विचारता चटई खांद्यावर टाकली आणि चालू लागली. "काय भिकार वीण हाय!" माडांपलीकडून तिचा आवाज आला. 

ओसरीवर नेमानी केलेराच्या केसांतून फणी फिरवत होता.

"मांजरे," तो म्हणाला, "सुनेला सांग, काठ झ्याक झालाय. म्हातारीच्या तोडीचा."

सेराने पातेल्याकडे बघितलं. मग त्यातला कसाव्याचा सगळ्यात मोठा तुकडा काढून तिने ओसरीवर नेऊन ठेवला.